कदलीनाथ महाराजांची सरासरी

धामणटेकच्या शाळेच्या पटांगणात त्या संध्याकाळी तीनशे बारा माणसं होती. हा आकडा पुष्पाबाईचा. तिला मोजायची खोडच होती. लालचंद शेठच्या केळी पॅकिंगच्या शेडमध्ये अकरा वर्षं फण्या मोजून तिचं असं झालं होतं की लग्नात गेली तरी पंगती मोजायची आणि कीर्तनाला गेली तरी टाळ मोजायची. तीनशे बारांपैकी एकोणीस जण आयांच्या कडेवर होते आणि चार जण बसल्या जागी झोपले होते. झोपलेलेही तिनं धरले, कारण झोपलेला माणूसच दुसऱ्या दिवशी छातीठोकपणे सांगतो की मी डोळ्यांनी पाहिलं.

पाहण्यासारखं होतंही. व्यासपीठावर श्री कदलीनाथ महाराज विराजमान होते. पिवळं धोतर, पिवळा शेला, कपाळावर हळदीचा पट्टा. अंगकाठी उंच, आणि मधोमध किंचित वाकलेली, म्हणजे लांबून पाहिलं तर नावाला शोभेल अशीच. पुढ्यात परातीत पिकलेली केळी.

“केळ्यात बी नाही,” महाराज म्हणाले, “म्हणून केळ्याला अहंकार नाही. जिथं अहंकार नाही, तिथं ज्ञान शिरतं. हे परदेशातल्या शास्त्रज्ञांना आत्ता कळलं. मला ते गिरनारवर नवव्या वर्षी कळलं.”

लोक माना डोलवत होते.

“भूषण बाळा, ये. सांग, दोन आणि तीन किती?”

“पाच,” भूषण म्हणाला. तो सहावीत होता, त्याला जरा लाजच वाटली.

महाराजांनी परातीतलं एक केळं उचललं, त्यावर तीनदा फुंकर घातली, “ओम कदलीं कदलीं फट्” म्हटलं आणि केळं त्याच्या हातात दिलं. साल अखंड. देठ जागेवर. भूषणनं साल सोलली आणि आतलं केळं त्याच्या तळहातावर सुटं होऊन पडलं. तुकडे मोजून पाच, सुरीनं कापल्यासारखे.

पटांगणातून एक लांब हुंकार निघाला. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. मुंबईच्या माणसानं हे पाहिलं असतं तर म्हणाला असता, असेल काहीतरी. पण धामणटेक केळीवरच जगतं. इथल्या शेंबड्या पोरालाही केळं आतून-बाहेरून ठाऊक. न सोललेलं केळं आत कापलेलं असू शकत नाही, हे त्यांना आपल्या हाताच्या रेषांइतकं पक्कं माहीत होतं. म्हणूनच ते शहरातल्या माणसापेक्षा दुप्पट हबकले. ज्याला एखाद्या गोष्टीतलं सगळं कळतं, त्याला त्याच गोष्टीनं गंडवणं सगळ्यात सोपं असतं.

आता हे महाराज शाळेत कसे शिरले, ते सांगायला हवं.

धामणटेकला सरकारी योजनेतून सायंशाळा चालायची. पाच ते सात. शाळा सुटली की चाळीस पोरं थांबायची, आधी मूठभर चणे-गूळ, मग सारिका मॅडमकडं गणित आणि वाचन. मॅडम मानधनावर होत्या, आवाज बारीक, पण भागाकार असा शिकवायच्या की पोरं घरी जाऊन भाकरीचेही समान भाग मागायची. पुष्पाबाईची पुनम त्या चाळीसांत होती. पुष्पाबाई पॅकिंगच्या शेडमधून साताला सुटायची. तोवर पोर कुठं आहे, काय करते, याचा घोर त्या सायंशाळेनं मिटवला होता.

नवरात्रात महाराज आले. त्यांनी सरपंच अभिमन आबांना सांगितलं की मी पोरांची बुद्धी पिकवतो. फक्त पोरं निवडून घेईन.

“निवडून कशाला?” आबांनी विचारलं.

“आबा, एक्स्पोर्टच्या पेटीत तुम्ही कच्चं, वाकडं, डागी केळं घालता का?”

आबांनी आयुष्यभर घातलं नव्हतं. गावात कुणीच घातलं नव्हतं. पेटीत जातो तो माल, बाकीचं शेडच्या मागं ढिगात, ही तिथली रीतच. त्यामुळं महाराजांचं बोलणं सगळ्यांना एका झटक्यात पटलं. महाराजांनी प्रत्येक पोराच्या कपाळावर अंगठा दाबून पाहिला, जसा तो केळ्यावर दाबतात, आणि बारा पोरं ‘पिकलेली’ म्हणून आत घेतली. अठ्ठावीस ‘कच्ची’ निघाली. पुनमच्या कपाळावर अंगठा ठेवून ते म्हणाले, “ही अजून हिरवी आहे. पुढच्या जन्मी बघू.”

तेव्हापासून पुनम पाच ते सात पॅकिंग शेडच्या दाराशी रिकाम्या खोक्यांवर बसायची. सारिका मॅडमना महाराजांचा हजेरीपट सांभाळायला ठेवलं होतं. शिकवायचं काम केळ्यांकडं गेलं होतं.

आणि आज तालुक्याहून स्वप्नील साहेब आले होते. सायंशाळेचा पोरांवर काय परिणाम झाला, याचं मूल्यमापन करायला. त्यांच्या फॉर्ममध्ये मुख्य रकाने दोन: जूनची सरासरी, डिसेंबरची सरासरी. जूनची चौतीस. डिसेंबरची एकाहत्तर. हा फॉर्म आज सही होऊन गेला की तालुक्यातल्या तीसच्या तीस सायंशाळांत कदली पद्धती लागणार होती. म्हणजे पुनमला खोक्यांवरून उठायचं कारण उरणार नव्हतं, आणि तिच्यासारख्या कितीजणांना, ते पुष्पाबाईनं मनात मोजलं. एका गावात अठ्ठावीस, तर तीस गावांत आठशे चाळीस.

स्वप्नील साहेब वाईट माणूस नव्हते. नुसते घाईत होते. तरी त्यांनी एक शंका काढली.

“महाराज, एक गणित मी घातलं तर चालेल?”

“घाला ना.”

“भूषण, सतरा चोक?”

“अडुसष्ट,” भूषण म्हणाला.

सगळ्यांनी महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी परातीकडं पाहिलं. मग मंद हसून म्हणाले, “साहेब, अडुसष्ट तुकडे झाले तर त्याला केळं म्हणत नाहीत, शिकरण म्हणतात.”

पटांगण हसलं. साहेबही हसले. हसता हसता त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पुष्पाबाई हसली नाही. तिच्या पायाशी भूषणनं टाकलेली साल पडली होती आणि ती सालीकडं पाहत होती. सालीवर बारीक काळे ठिपके होते. पिकल्या केळ्यावर ठिपके असतातच. पण अकरा वर्षांत तिनं एकही ठिपका रांगेत उभा राहिलेला पाहिला नव्हता. हे चार ठिपके सालीच्या एकाच धारेवर, सारख्या अंतरावर, पहिलीतल्या पोरांसारखे ओळीत उभे होते.

“लता,” तिनं शेजारच्या लताबाईला कोपर मारलं. “पाच तुकडे करायला किती वेळा कापावं लागतं?”

“चारदा,” लताबाई म्हणाली. तीही शेडमध्येच कामाला होती. “काबं?”

“काही नही. जरा धर ही पिशवी.”

पुष्पाबाई सरळ व्यासपीठावर चढली. अभिमन आबा म्हणाले, “पुष्पाअक्का, काय शे?”

“आबा, मलाही प्रसाद पाहिजे.”

“तो महाराज देतील.”

“महाराज दमले असतील. मीच घेते.” तिनं परातीतलं एक केळं उचललं, फिरवून पाहिलं, परत ठेवलं. दुसरं उचललं. “यात तीन तुकडे शेतस.” सोललं. तीन. तिसरं उचललं. “यात सहा.” सोललं. सहा. आणखी एक उचललं, “हे कोरंच शे, महाराजांना जेवायला ठेवलेलं,” म्हणून सोललं, तर आत अख्खं केळं.

आता पटांगणात झोपलेले चौघंही जागे झाले.

“माउलीला सिद्धी आहे,” महाराज पटकन म्हणाले. धंद्याचा माणूस, सावरायला वेळ लागत नाही. “मी ओळखलं होतं.”

“सिद्धी नही, सेफ्टी पिन शे.” तिनं साडीच्या खांद्याची मोठी पिन काढली आणि ते अख्खं केळं बाजूला ठेवून परातीतून नवं कोरं घेतलं. सालीच्या धारेवर पिन आत खुपसली, आतल्या आत डावीकडं-उजवीकडं फिरवली, बाहेर काढली. थोडं खाली परत तेच. “साहेब, सोला.”

साहेबांनी सोललं. तीन तुकडे पडले. एक जरा वेडावाकडा होता.

“पहिलीच खेप शे, सांभाळून घ्या,” पुष्पाबाई म्हणाली.

लताबाई खालून ओरडली, “अक्का, तुला पण पिवळी साडी घेऊ का?”

हशा पिकला. कुणी तरी महाराजांच्या परातीवर हात टाकला आणि ठिपके मोजायला लागलं. इथं महाराजांनी परात आवरून पळायला हवं होतं. पण गडी पक्का. त्यांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

“बाळांनो, केळं ही लीला होती. लहान मुलांना गोडी लागावी म्हणून. आई घास चिऊचा म्हणते, तेव्हा ती खोटं बोलते का? केळं सोडा. आकडा बघा. चौतीसचे एकाहत्तर झाले. हे मी टाचणीनं केलं का? हा तर सरकारी कागद आहे.”

आणि काय सांगावं, पटांगण पुन्हा फिरलं.

“हे मात्र खरं,” अभिमन आबा म्हणाले. “मार्क तर वाढलेच.”

“केळ्याचं काय घेऊन बसलात,” मागून एकजण बोलला, “दुप्पट झाले मार्क. दुप्पट.”

स्वप्नील साहेबांनाही हायसं वाटलं. फॉर्ममध्ये केळ्याला रकाना नव्हता. मार्कांना होता. त्यांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

टाचणी पुष्पाबाईनं पकडली होती, पण गाव केळ्यावर विश्वास ठेवूनच आलं नव्हतं. गाव आकड्यावर विश्वास ठेवून आलं होतं. आकडा कागदावर होता, कागदावर शिक्का होता, आणि तिला शाळा चौथीपर्यंतच माहीत. पुनम पटांगणाच्या कडेला, आत न घेतलेल्या पोरांत उभी होती.

मग तिला जे सुचलं ते तिच्या रोजच्या हातातलंच होतं.

“साहेब, जरा थांबा.” तिनं टेबलावर आठ केळी मांडली. चार लांब, चार आखूड. “बोटांनी मोजते. ही चार दहा-दहा बोटं. ही चार सहा-सहा बोटं. सगळी मिळून सरासरी?”

“आठ बोटं,” साहेब म्हणाले.

“आता बघा हं.” तिनं डोळे मिटले, महाराजांसारखी मान वाकडी केली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “ओम कदलीं कदलीं फट्.” आणि एका हातानं आखूड चार केळी टेबलाखाली सारली. “आता सरासरी?”

“दहा.”

“वाढली की नही?”

“वाढली.”

“मी एका तरी केळ्याला ओढून लांब केलं का?”

साहेबांनी पेन कागदावरून उचललं. हे पुष्पाबाईनं नीट पाहिलं.

“जूनमध्ये पेपर किती पोरांनी दिला?” तिनं विचारलं.

साहेबांनी कागद चाळला. “चाळीस.”

“आणि आता?”

“बारा.” साहेबांचा आवाज जरा खाली आला. “फॉर्ममध्ये संख्येचा रकाना आहे, पण तो ऐच्छिक आहे.”

“मग बाकीना अठ्ठावीस कोठे गयात? टेबलाखाली?”

महाराज म्हणाले, “ती कच्ची होती, माउली. कच्चा माल पेटीत घालत नाहीत.”

“खरं बोललात. पण पेटीतल्या मालावरून बाग कशी पिकली ते कुणी सांगत नही. शेठ पेटी बघतो. शेतकरी बाग बघतो. आबा, तुमच्या शेतातले चांगले बारा घड मोजून मी म्हटलं की यंदा पीक दुप्पट, तर?”

आबांनी मिशीवर हात फिरवला. “मी तुला शेतातून हाकलून देईन.”

“द्यावंच.” ती सारिका मॅडमकडं वळली. मॅडम खांबाआड हजेरीपट छातीशी धरून उभ्या होत्या. “मॅडम, या बारा पोरांना जूनमध्ये किती मार्क होते? नुसते याच बारांचे सांगा.”

मॅडमनी एकदा सरपंचांकडं पाहिलं, एकदा साहेबांकडं. तीन महिने कुणीतरी हे विचारेल म्हणून त्या थांबल्या असाव्यात, कारण पान त्यांनी शोधलं नाही, तिथंच उघडलं.

“अठ्ठ्याहत्तर. पंचाहत्तर. चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर. त्र्याहत्तर. बहात्तर. बहात्तर. एकाहत्तर. सत्तर. एकोणसत्तर. अडुसष्ट. अडुसष्ट.”

“बेरीज?”

“आठशे चौसष्ट.”

“आता याला बारानं भागायचं ना?” पुष्पाबाई म्हणाली. “मला नही येत. पुनम, ये वर.”

“हिला कशाला,” महाराज म्हणाले, “ही तर हिरवी.”

पुनम वर आली. फळ्यावर ८६४ लिहिलं, खाली १२. खडू दोनदा तुटला. बाराचा पाढा तिनं ओठांत म्हटला, सातावर अडखळली, सात बारे चौऱ्याऐंशी लिहिलं, उरलेल्या दोनापुढं चार उतरवून घेतला. पुढचा अंक चुकला. तिनं तो फ्रॉकच्या बाहीनं पुसला आणि परत लिहिला. तीनशे बारा माणसं एका पोरीच्या पाठीकडं पाहत होती. चणे खाणंही थांबलं होतं.

“बहात्तर,” पुनम म्हणाली.

“आणि आता यांना किती पडले?”

“एकाहत्तर,” साहेब म्हणाले, आणि मग त्यांना जे कळलं ते पटांगणालाही एकदमच कळलं.

लताबाई सगळ्यांत आधी बोलली. “म्हणजे तीन महिने केळी खाऊन एक मार्क गेला?”

महाराजांनी शेला सावरला. “तो एक मार्क,” ते म्हणाले, “गुरुदक्षिणा समजा.”

यावर जो हशा झाला तो महाराजांना हसून घालवता आला नाही. त्यांनी हात वर केले, कुणी गप्प झालं नाही. त्यांनी ओम म्हटलं, चार पोरांनी पुढचं फट् पूर्ण केलं. शेवटी ते परात काखेत धरून व्यासपीठाच्या मागच्या बाजूनं उतरले. हल्ली ते धुळ्याच्या बाजूला पपईचं काम करतात असं ऐकतो.

अभिमन आबा मात्र जाग्यावरून हलले नाहीत. “साहेब,” ते म्हणाले, “मग ही सायंशाळा खरंच उपयोगाची शे की तीबी नुसती लीला? ते तरी सांगा. नाहीतर बंदच करू.”

महाराजांना घालवता घालवता सायंशाळाच जायची वेळ आली होती.

स्वप्नील साहेबांनी फॉर्म घडी घालून खिशात टाकला. “आबा, ते मला आज सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “आणि आज जो सांगेल त्याचंही ऐकू नका. उद्यापासून चाळीसच्या चाळीस पोरं वर्गात बसवा. मॅडम शिकवतील. मार्चमध्ये चाळीसही जणांचा पेपर घेऊ. आणि शेजारच्या गावात जिथं सायंशाळा नाही, तिथल्या चाळीस पोरांचाही तोच पेपर. जूनचे त्यांचे मार्क शाळेत आहेतच.”

“त्यांचा कशाला?” आबांनी विचारलं.

उत्तर पुष्पाबाईनं दिलं. “पाऊस ह्या गावात, त्या गावात, बठ्ठा गावात पडतो, आबा. तुमच्या शेतात खतानं किती आलं आणि पावसानं किती, ते बिनखताच्या शेताकडं बघूनच कळतं.”

मार्चमध्ये पेपर झाला. आजारी दोघांचा सारिका मॅडमनी घरी जाऊन घेतला. कुणीही टेबलाखाली राहिलं नाही. धामणटेकची सरासरी चौतीसवरून एक्केचाळीस झाली. शेजारच्या गावातली तेहतीसवरून सदतीस. म्हणजे आपली सात वाढली, त्यांची न शिकवताच चार. राहिले तीन.

साहेबांनी निकाल वाचला तेव्हा पटांगणात बेचाळीसच माणसं होती. चमत्कार नसला की गर्दी कमी होते.

“तीनच?” आबांचं तोंड उतरलं. “त्या बुवानं सदतीस वाढवले होते.”

“त्याचे सदतीस कुणाच्या डोक्यात गेले ते दाखवा,” पुष्पाबाई म्हणाली. “मी तीन दाखवते.”

तिनं दाखवलंही. पुनम एकोणीसवरून सव्वीसवर आली होती. फार नाही. पण बाराचा पाढा आता सातावर अडखळत नव्हता. साहेबांनी अहवालात तीनच लिहिले, एकही वाढवला नाही. तीन महिने अठ्ठावीस पोरं वर्गाबाहेर होती हेही लिहिलं, आणि खाली शिफारस केली की सायंशाळा पुढच्या वर्षी चालू राहावी, सगळ्या पोरांसाठी.

वाचकहो, केळ्याच्या सालीवरची टाचणीच्या ठिपक्यांची रांग दिसायला नजर लागते. ती सगळ्यांना असते असं नाही. पण आकडा घेऊन कुणी दारात आला, मग तो पिवळ्या शेल्यात असो की इस्त्रीच्या शर्टात, आणि म्हणाला की माझ्यामुळं इतकं वाढलं, तर त्याला बसायला पाट द्या, पाणी द्या, आणि एवढंच विचारा. आधी किती जण होते? आता किती आहेत? मधले कुठं गेले? आणि ज्यांना काहीच दिलं नाही, त्यांचं काय झालं? खरं काम करणारा या प्रश्नांना घाबरत नाही. तो वही काढतो, आणि त्याचा आकडा बहुतेक लहान असतो. त्या लहान आकड्यावर पोरं शिकतात.